दोन हातांची गाडी

“पोरगी मुकी हाय का जी, बाबूजी?”

मिस्तरी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून वडिलांना विचारत होता. मी चार हातांवर उलट्या डब्यावर बसले होते. मला ऐकू येत नाही असं त्यानं धरलंच होतं.

“मुकी नाही,” वडील म्हणाले. “इंग्लिश मीडियमची हाय.”

दुकानातले सगळे हसले. मीही मान खाली घालून थोडी हसले.

मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात सौसरच्या रस्त्याला ते दुकान होतं. बाहेर संत्र्याच्या रिकाम्या पेट्या, आत जळलेल्या लोखंडाचा वास. ते दुकान आता नाही, पण कुठं वेल्डिंग चाललेलं दिसलं की अजून माझी पावलं थांबतात.

वडील हातपंप दुरुस्तीच्या खात्यात होते. वीस वर्षं मोहगाव, बोरगाव, जिथं पंप बिघडेल तिथं मोटरसायकलवरून जायचे. आदल्या वर्षी अपघात झाला आणि उजवा गुडघा वाकेनासा झाला. साहेबांनी सांगितलं, पोळ्यापर्यंत फिरती जमली तर बरं, नाहीतर छिंदवाड्याला स्टोअरमध्ये बसा. पंप उघडून पाणी काढणारा माणूस तिथं वायसर मोजत बसणार होता. म्हणून मिस्तरीनं त्यांच्या जुन्या गाडीचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं बसवली आणि मागचा ब्रेक हातात दिला. गाडी आपली आपण उभी राहू लागली, पण वळेना.

“म्हैस वळवून राहिलो असं वाटते,” वडील म्हणाले.

मिस्तरीनं हँडल ज्यावर फिरतं तो छऱ्यांचा कोनसेट ढिला केला. हँडल थरथरायला लागलं. आवळला, तर पुन्हा म्हैस. दोन दिवस हेच चाललं. माझं काम वडिलांचा डबा आणायचं आणि त्यांची काठी धरायचं. बोलायचं काम नव्हतं, ते बरंच होतं.

मी नागपूरला होस्टेलात शिकले. तिथं पहिल्या वर्षी मी “मी जातो” म्हणाले आणि वर्गातल्या मुलींनी विचारलं, तू मुलगा आहेस का? आमच्याकडे बायका असंच बोलतात, हे मला सांगता आलं नाही. मी “जाते” म्हणायला शिकले. सुट्टीत घरी आले तर चुलतबहीण म्हणाली, “जाते? जातं हाय का तू, पीठ दळाचं?” तेव्हापासून दोन्हीकडे मी कमीत कमी बोलायचे. लोकांना वाटायचं, शिकली म्हणून चढेल झाली.

गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वडिलांनी जपून ठेवलं होतं. मी ते डब्यावर बसून वाचत असे. त्यात पुढच्या चाकाचं एक चित्र होतं. हँडलच्या तिरक्या नळीची रेघ तशीच खाली जमिनीपर्यंत ओढली, तर ती चाक जमिनीला टेकतं त्याच्या थोडी पुढं पडते. हे अंतर जितकं जास्त, तितकी गाडी सरळ पळते आणि वळायला जड जाते. दोन चाकांना ते अंतर लागतं. तीन चाकांना इतकं कशाला, असं मला वाटलं. मराठीत ते कसं सांगायचं ते कळेना, म्हणून खडूनं फरशीवर चित्र काढलं आणि बाजूला झाले.

मिस्तरी उकिडवा बसला. बराच वेळ बघत राहिला. मग उठला, नळीला गज लावला, चाकाच्या मधल्या नटाला दोरा बांधून ओळंबा सोडला. “चार बोटं अंतर,” तो म्हणाला. “बाईनं तोंड न उघडता सांगतलं, भाऊ.”

त्यानं पुढचं चाक धरणाऱ्या प्लेटा काढल्या आणि नव्या कापून ते दोन बोटं पुढं घेतलं. हँडलच्या बुडाशी रबराची चकती घालून थरथर मोडली. दुकानाच्या अंगणात तिघांनी गाडी ढकलली आणि मला हँडल धरायला बसवलं. मला सायकलही येत नव्हती. जिकडं जायचं तिकडं हँडल वळवलं आणि गाडी निमूट गेली. जुन्या प्लेटा वडिलांनी घरी आणल्या. अजून आमच्याकडे आहेत. दाराला टेकू म्हणून चालतात.

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघंच सौसरकडे निघालो. सरळ रस्त्यावर वडील गुणगुणत होते. पहिल्या डाव्या वळणाला गाडी उजवीकडे गेली. दुसऱ्याला समोरून बैलगाडी आली, गाडीवाला ओरडला, “काहून जी, बायकोशी भांडून निघाले का?” आणि आम्ही पलीकडच्या मातीत उतरलो. मोहगावच्या अलीकडे तिसऱ्या वळणावर पुन्हा तेच.

वडिलांनी इंजिन बंद केलं. कडेला कपाशी उभी होती, वारा नव्हता.

“गाडीत खोट नाही,” ते हळू म्हणाले. “माह्यातच हाय. राहू दे. छिंदवाड्याले जातो मी.”

खोट मला दिसली होती. तिन्ही वळणांवर मी त्यांच्या खांद्यावरून त्यांचा डावा हात बघत होते. ते डावीकडे झुकायचे आणि डाव्या तळव्यानं हँडल पुढं दाबायचे. दोन चाकांवर वीस वर्षं असंच वळले होते, तिथं गाडी झुकायची आणि वळायची. ही झुकत नव्हती. दाबलं की चाक उजवीकडे जात होतं. मिस्तरीचीही सवय तीच, त्याला कसं दिसावं? मला कसलीच सवय नव्हती.

त्यांनी माघारी वळायला किल्लीकडे हात नेला. मी शब्द जुळवत होते, शाळेतले, पुस्तकातले. एकही वेळेवर येईना. मग जे आलं ते आलं.

“बाबा, डावा हात दाबू नका, आपल्याकडं वढा. मी सांगतो तसं करा.”