नसलेल्या पायाला तूप

ह्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढला आणि घरी आल्यावर तोच पाय दुखायला लागला. हसू येतंय ना? मलाही आलं होतं. साखर वाढलेली, चपलेची जखम चिघळलेली. पाय काढण्यावाचून इलाज नव्हता. पण आता नसलेल्या तळव्याची आग व्हायची, नसलेल्या पोटरीत गोळा यायचा आणि ह्यांना झोप म्हणून लागायची नाही. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला अजून पाय आहेसं वाटतंय." घ्या! मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. जी जागा व्यापत नाही ती वस्तूच नव्हे, हे मुलांकडून घोकून घेतलं. "अहो, तिथे काही नाहीये," मी सारखी सांगायची. हे म्हणायचे, "मलाही दिसतंय. आंधळा नाही झालो."

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येतं आणि खोली पिवळसर होऊन जाते. त्या वेळी मी ह्यांच्या उरलेल्या पायाला तूप लावून काशाची वाटी घासायची. तूप हळूहळू काळं पडायचं, रस्त्यावरचे हॉर्न लांब जायचे, माझेही डोळे जड व्हायचे. एकदा हे अर्धवट झोपेत पुटपुटले, "आता डावा." इतक्या वर्षांच्या सवयीचा हात, तो काही विचारून हलत नाही. उजवा झाला की डावा. वाटी नुसत्या चादरीवर फिरतेय हे मला जरा उशिराच कळलं.

"जरा खाली. टाचेपाशी," हे म्हणाले.

मी वाटी खाली सरकवली. "हां, तिथेच," म्हणाले आणि चक्क घोरायला लागले.

मग रोजच सुरू झालं. चादर ओढली गेल्याचं ह्यांना कळत असेल, वाटीचा आवाज येत असेल, माझ्यातली शिक्षिका कारणं शोधत राहायची. हात मात्र फिरत राहायचा. पुढे पुढे तर मलाच तिथे ऊब लागायला लागली. हसा खुशाल. ह्यांच्या डोक्यातला पाय माझ्या तळहाताला कसा काय लागत होता, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दुपारी आम्ही दोघं एकाच झोपेत असल्यासारखे असायचो, एवढंच आठवतं.

हळूहळू तो नसलेला पाय आखूड होत चालला. "आज तळवा नडगीपाशी आलाय," हे सांगायचे, मी वाटी वर घ्यायची. पुष्कळांना असं होतं, चांगलं लक्षण आहे, असं डॉक्टर म्हणाले. आग कमी झाली, गोळे थांबले. अन् एका दुपारी मी तुपात बोट बुडवलं तर हे म्हणाले, "राहू दे आज."

"का? दुखतंय?"

"छे. काहीच नाहीये गं तिथे. गेला."

ज्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते, ते झालं होतं. पेढे वाटायचे सोडून मला हुंदका फुटला. ऑपरेशनच्या दिवशी टिपूस काढलं नव्हतं मी.

हे घाबरून उठून बसले. "अगं, पाय माझा गेला आणि रडतेस तू?"

"डॉक्टरांनी नेला तो केव्हाच नेला हो," मी म्हटलं. "माझ्या हातातून आज गेला."