कंडक्टरबाई चालायला निघाल्या

आमच्या गाडीच्या कंडक्टरबाईंना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, या बाईंनी कसला तरी नवस बोललेला दिसतो. दिवेआगरहून माणगावला जाणारी सकाळची गाडी मधल्या स्टँडवर थांबली की ड्रायव्हरमामा चहाला जायचे, कॉलेजची पोरं वडापावच्या गाडीवर तुटून पडायची, आणि बाई तिकिटाचं मशीन छातीशी धरून, खाकी ओढणी कमरेला घट्ट बांधून स्टँडभोवती चालायला लागायच्या. चालणं म्हणजे रमतगमत नव्हे. वरातीला उशीर झालेल्या करवलीसारखं, नाकासमोर बघत, हात हलवत. रसवंतीला वळसा, मुतारीला वळसा, उभ्या गाड्यांच्या मागून पुन्हा फलाटावर. नवा प्रवासी हळूच विचारायचा, "काय हो, नवस-बिवस आहे का यांचा?" आणि आम्ही रोजचे प्रवासी मोठ्या दिमाखात सांगायचो, "छे छे, आमच्या बाई व्यायाम करतात."

मी तेव्हा माणगावला एका कचेरीत नोकरी करत होते. सासर दिवेआगरचं, घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि पदरात जेमतेम रांगायला लागलेला मुलगा. त्याला सासूबाईंकडे सोपवून निघायचं आणि वाटभर आपण फार वाईट आई आहोत असं स्वतःला बजावत बसायचं, हा माझा नित्यनेम. बाळंतपणानंतर कंबर जी धरली होती ती सोडायचं नाव घेत नव्हती. बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. उंच, आडव्या अंगाच्या, आणि आवाज असा की मागच्या बाकावर घोरणारा माणूससुद्धा दचकून तिकीट मागायचा. नवरा कारखान्यात पाळीवर, घरी म्हातारी सासू, एक मुलगी नववीत. पहाटे उठून सगळ्यांचं रांधून-वाढून बाई ड्युटीवर यायच्या. घरी गेल्यावर पुन्हा चूल होतीच.

एकदा मी विचारलं, "बाई, तुम्हाला या सगळ्यात वेळ मिळतो तरी कसा?"

"मिळतो कुठं म्याडम?" बाई म्हणाल्या. "भरलेल्या गाडीत माणूस कसा बसवतात? बाकावर जागा न्हायच असते. पण 'सरका जरा' म्हटलं का होते का न्हाय? तसंच कामांना सांगायचं, सरका जरा, मला पण बसायचंय."

हे 'सरका जरा' बाई सगळ्यांनाच ऐकवत. सासू कुरकुरायची, दिवसभर गाडीत उभी तर असतेस, आणखी कसला व्यायाम? स्टँडवरचे लोक तर टपलेलेच असायचे. कुणी म्हणायचं, "बाई, पाकीट हरवलं काय?" कुणी म्हणायचं, "मोजणीवाले आले वाटतं जागा मोजायला." बाई चालता चालताच उत्तर द्यायच्या. "उभी ऱ्हाते ती गाडीसाठी. चालते ती माझ्यासाठी. तुम्ही चहा प्या." घाटात गाडी रिकामी असली की बाकाची दांडी धरून टाचा वर-खाली करणं चालू व्हायचं. शाळेच्या पोरी त्यांचं बघून तसंच करायच्या आणि गाडी वळली की एकमेकींच्या अंगावर पडून खिदळायच्या. बाई त्यांनाही रागावत नसत.

या हट्टामागे काय आहे ते मला ओळख वाढल्यावर कळलं. बाईंचं माहेर आतल्या बाजूचं, भातशेतीचं. वडील मुंबईला कामाला. बाई दहावीत असताना त्यांची आई एक दिवस लावणीच्या चिखलात कोसळली. रक्तदाब म्हणजे काय हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. अर्धं अंग गेलं ते गेलंच. तिला उचलायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, हे सगळं घरातल्या एकुलत्या मुलीवर आलं. शाळा तिथेच सुटली. पुढे लग्न झाल्यावर बाईंनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी काढली आणि नोकरी मिळवली. पण मग नोकरीतल्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांचाही रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं. "आईच्या त्याच वयाला आले व्हते गो मी," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या पोरीची पुढल्या वर्षी धावी. मी खाटेवर पडले तर मला कोण उचलणार? तीच ना?" 'म्याडम'वरून 'गो'वर त्या त्याच दिवशी आल्या आणि मला ते फार आवडलं.

त्यानंतर माझी सुटका नव्हती. गाडी स्टँडवर थांबली की बाई माझ्या खिडकीवर थाप मारायच्या, "उतर." मी म्हणायचे, "बाई, कंबर दुखते." त्या म्हणायच्या, "म्हणून तर उतर." मी म्हणायचे, "घरी बाळ आहे, तिथे वेळ देता येत नाही आणि इथे काय..." त्यावर त्यांचा आवाज चढायचा. "पोराची आई हायस म्हणून उतर. पोराला कडेवर घ्यायचंय ना? का त्यानं तुला घ्यायचं?" पहिले काही दिवस मी लाजेने अर्धी झाले होते. सगळं स्टँड आपल्याकडेच बघतंय असं वाटायचं, आणि खरं म्हणजे बघतच होतं. मग हळूहळू कंबर मोकळी झाली, झोप लागायला लागली, आणि चिरंजीवांनी दोन्ही हात वर केले की मी न कण्हता त्यांना उचलायला लागले. आज माझी पाठ सरळ आहे ती बाईंमुळे, हे मी कुणालाही सांगते.

खाण्याच्या बाबतीत मात्र बाईंची परीक्षाच होती. भाताच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला भात कमी कर म्हणायचं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. बाई त्याला "दुसऱ्यांदा माहेर सुटलं" असं म्हणत. तरी त्यांनी डब्यात नाचणीची भाकरी आणली. सगळ्यात अवघड गेली ती खारवलेली सुकी मासळी. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं होतं आणि आमच्या गाडीत रोज एक कोळीणमावशी पाटी घेऊन चढायच्या. त्या बाईंना मायेने सुक्या बांगड्यांची पुडी द्यायच्या. बाईंनी एक दिवस ती परत केली. मावशींना असा राग आला की त्या बाईंकडे पाठ करून बसल्या. "माझ्या मासळीला काय झालंय गो? उन्हात मी सुकवते, माझ्या हातांनी." बाईंनी परोपरीनं समजावलं, पण व्यर्थ. आठवडाभर मावशी तिकीट घेताना तोंडातून शब्द काढत नव्हत्या, नुसतं बोटाने 'एक' दाखवायच्या. मग एका सकाळी त्यांनी बाईंच्या हातावर ताज्या बोंबलांची पिशवी ठेवली. "हे चालतंय काय डाक्टरला? का याचं पण मीठ काढून आणू समुद्रातनं?" गाडीत हशा पिकला आणि भांडण मिटलं.

या चालण्याने एकदा आमची सगळ्यांची भंबेरीही उडवली. बाई रसवंतीच्या मागे होत्या आणि ड्रायव्हरमामा नुकतेच चहा पिऊन जागेवर बसले होते. गाडीतले एक आजोबा बसल्या जागेवरून उठायला लागले. आधाराला काही मिळेना म्हणून त्यांनी डोक्यावरची घंटेची दोरी धरली. तोल गेला, म्हणून परत धरली. टिंग टिंग. दोन घंटा म्हणजे निघा. मामांनी सवयीने गिअर टाकला. आम्ही "बाई राहिल्या, बाई राहिल्या" म्हणून ओरडतोय, तर मामांना वाटलं, बायकांचं जागेवरून भांडण जुंपलंय. आजोबांना आपली चूक कळली. गाडी थांबवायला दोरी एकदाच ओढायची असते, पण घाबरून त्यांनी ती पुन्हा दोनदाच ओढली. गाडीने वेग घेतला. मागच्या काचेतून पाहिलं तर बाई भर बाजारातून धावत येत होत्या. एका हाताने मशीन आणि दुसऱ्या हाताने बॅग सावरत. भाजीवाल्या पाट्या बाजूला ओढून "धाव गो बाय, धाव" म्हणून ओरडत होत्या. नाक्यावर म्हशी आडव्या आल्या म्हणून गाडी थांबली आणि बाईंनी ती गाठली. धाप लागली होती, पण बोलता येत होतं, आणि त्या बोलल्याही. "मामा, कंडक्टर तुम्हाला नकोच झालाय व्हय? आणि आजोबा, आता हे मशीनपण तुम्हीच घ्या." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मागल्या वर्षी मी फलाटाची पायरी चढताना दम खात व्हते."

त्या धावण्याने बाईंना जरा चढलं असावं. डॉक्टरांनी रक्तदाबाची रोजची गोळी दिली होती, ती त्यांनी गुपचूप बंद केली. एवढं चालतो, धावतो, मीठही तोडलं, मग गोळी कशाला, असा त्यांचा हिशेब. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. एका सकाळी गाडी घाट चढत असताना तिकिटं काढता काढता बाईंनी माझ्या बाकाची दांडी धरली, मशीन माझ्या मांडीवर ठेवलं, "धर गो जरा" म्हणाल्या आणि तिथेच खाली बसल्या. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता. ड्रायव्हरमामांनी मधे कुठेही न थांबता गाडी थेट माणगावच्या दवाखान्यासमोर नेऊन उभी केली. ज्यांना आधी उतरायचं होतं तेही बसूनच राहिले. वेळेवर आणलंत म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. चालणं आहे म्हणून गोळी सोडायची नसते, यावरून त्यांनी बाईंना जे झापलं ते बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू आलं.

दोन-तीन दिवसांनी मी बाईंच्या घरी गेले. बाई खाटेवर पडून होत्या. सायली, त्यांची मुलगी, चुलीपुढे पाटावर बसून भाकऱ्यांचं पीठ मळत होती. मी तिला अभ्यासाचं विचारलं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "मी यंदा पेपर देत नाही, मावशी. पुढच्या वर्षी देईन. आईकडे बघायला कोण आहे?"

बाईंचं रागावणं मी गाडीत रोज ऐकत होते, पण हे काही वेगळंच होतं. त्या भिंतीला धरून उठल्या, चुलीपर्यंत आल्या आणि सायलीच्या हातून परात ओढून घेतली. "ऊठ. पाटावरनं ऊठ आधी. तुझी आजी पडली तवा मी पण अशीच बसले व्हते. मला ऊठ म्हणायला कोण नव्हतं. तुला मी हाय." एवढं बोलून बाई रडायला लागल्या. सायलीही रडायला लागली. मलाही रडू येत होतं, पण घरात माणसं जेवायची होती, म्हणून मी पाटावर बसून भाकऱ्या थापल्या.

सायलीने सगळे पेपर दिले. बाई महिन्याभराने कामावर परत आल्या आणि गोळीची जबाबदारी अख्ख्या गाडीने घेतली. कोळीणमावशी चढता चढताच विचारायच्या, "घेतलीस काय?" आजोबा विचारायचे, मामा आरशातून विचारायचे. बाई वैतागून गोळ्यांचं पाकीट उघडून दाखवायच्या आणि स्टँड आला की पुन्हा चालायला उतरायच्या. आता त्यांच्यामागे आम्ही चौघीजणी असायचो.

बारावीनंतर सायलीला मुंबईला नर्सिंगला प्रवेश मिळाला. माझीही त्याच सुमारास अलिबागला बदली झाली होती. तिला निरोप द्यायला मी माणगावच्या स्टँडवर गेले. बाईंनी रजा टाकली होती. खाकीऐवजी जांभळी साडी नेसलेल्या बाई मला क्षणभर ओळखूच आल्या नाहीत. मुलीची जड पेटी त्यांनी कुणाला हात लावू न देता गाडीत चढवली, कंडक्टरला चार सूचना दिल्या, आणि खाली येऊन फलाटावर उभ्या राहिल्या. सायलीच्या शेजारी तिच्याच कॉलेजला निघालेली एक मुलगी होती. दोघींची लगेच गट्टी जमली. कशावर तरी हसत होत्या. गाडी सुटली, वळणावर गेली, दिसेनाशी झाली, पण सायलीने काही मागे वळून पाहिलं नाही.

मला बाईंसाठी फार वाईट वाटलं. "पोरगी नादात होती हो," मी म्हटलं. "पोचल्यावर फोन करेल बघा."

बाईंचे डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या. "वाईट नको वाटून घेऊ गो," त्या म्हणाल्या. "माझं लगीन होऊन मी निघाले, तवा फाटा येईपर्यंत माझी मान मागंच व्हती. आई पडवीत खाटेवर पडलेली, तिला आता पाणी कोण देईल म्हणून. माझ्या पोरीला मागं बघायला लागलं न्हाय."