मुरुमावरची सवय

रविवारी सकाळी टर्फवर माझी चांगलीच जिरली... आणि तेव्हापासून मी खूश आहे.

आमच्या कॉलेजने फ्रेंडली मॅच ठेवली होती. आम्ही माजी खेळाडू, सगळे पन्नाशीचे, आणि समोर आत्ताची मुलींची हॉकी टीम. त्यात माझी लेक सई, सेंटर फॉरवर्ड.

आता खरं सांगतो. आम्ही खेळलो मुरुमाच्या ग्राउंडवर, गुडघे फोडून घेत. त्यामुळे घरी माझी एकच टेप... आमच्या वेळचं टॅलेंटच वेगळं, तुमच्या त्या हिरव्या कार्पेटवर काय, कुणीही खेळेल. दोन वर्षांपूर्वी जेवताना असंच बोललो आणि पोरीने मला मॅचला बोलवणंच बंद केलं. मेडल आणलं तरी फक्त आईला दाखवायची. कुणी विचारलं तर मी चाकणच्या कंपनीतल्या शिफ्टचं निमित्त सांगत राहिलो, पण आत लागत होतं.

तर मी फुलबॅक. सईचा पहिलाच फटका सरळ माझ्याकडे आला आणि मी सवयीने स्टिक वीतभर उचलून थांबलो. मुरुमावर बॉल खड्याला लागून हमखास उसळतो, आम्हाला तसंच शिकवलेलं. टर्फवर कसला उसळतोय... स्टिकखालून थेट गोलमध्ये. दुसराही तसाच. आमचा दापोडीचा शिंदे लांबून ओरडला, "अरे राव, कुणाची वाट बघतोयस?"

वाटलं, आता सई हसणार. हक्कच होता तिचा. पण ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "पप्पा, इथे उसळत नाही. खाली वाका, स्टिक आडवी टाका." आणि स्वतः वाकून दाखवलं... लहानपणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी तिला स्टिक धरायला शिकवायचो, त्याच मायेनं.

पुढचे दोन मी अडवले. मग एक तिने असा काही वळवला की मी नुसता बघत राहिलो. हरलो आम्ही.

नंतर वडापाव खाताना शिंदेने नेहमीचं सुरू केलं, "आपल्या वेळी या पोरी टिकल्या असत्या का रे?" सई शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "आपल्या वेळी ही असती ना, तर मी बेंचवर असतो."

सोमवारी कंपनीत चहाच्या सुट्टीत तिचा मेसेज आला... "पप्पा, शनिवारी सेमीफायनल. सकाळी नऊ. जमेल?"

लगेच रजा टाकली. साहेबांनी विचारलं, काय काम आहे. म्हटलं, लेकीचं बोलावणं आलंय.