दोन्ही बाजू सारख्या

माजरीला खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गफ्फारभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. पलटी नांगर एका बाजूनं नीट चालतो आणि दुसऱ्या बाजूनं चालत नाही, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की ते आधी माणसाकडे पाहतात. मग विचारतात, "नीट म्हणजे कोणती बाजू? कोणत्या बाजूसारखी दुसरी करू?" शेतकरी हसतात. खोल जाते तेच नीट, हे का विचारायची गोष्ट आहे, म्हणतात. गफ्फारभाई हसत नाहीत. उत्तर मिळेपर्यंत पान्याला हात लावत नाहीत.

पूर्वी ते असे नव्हते. पूर्वी गिऱ्हाइकाचं बोलणं अर्धं व्हायच्या आत त्यांचा हात नटावर असायचा. आवाजावरून बिघाड ओळखतो, असं ते स्वतःच सांगायचे, आणि ते खोटंही नव्हतं. या भागातली जमीन काळी, कापसाची. हरळी, कुंदा हे तण मुळासकट उपटायचं तर नांगर जितका खोल जाईल तितका चांगला. गफ्फारभाईंनी लावून दिलेला नांगर वीतभर खोल जायचा, जाताना तसाच आणि येतानाही तसाच. पलटी नांगराची खरी परीक्षा तीच. त्याला फाळांच्या दोन जोड्या, एक खाली, एक वर. एक तास, म्हणजे नांगराची एक सरी, संपला की नांगर उचलायचा, उलटा करायचा आणि वरची जोडी खाली आणून त्याच तासाला लागून परत यायचं. दोन्ही जोड्या सारख्या लागल्या तरच शेत सारखं.

दोन हजार सालच्या पुढची गोष्ट. ऊर्जानगरला ठेकेदाराकडे काम करणारा दिनेश गावडे नावाचा जवान माणूस दुकानात आला. त्याचं गाव एटापल्लीच्या पुढे, जंगलात. त्यानं आणि त्याच्या चुलतभावांनी माजरीकडच्याच एका कास्तकाराचा जुना ट्रॅक्टर आणि पलटी नांगर घेऊन गावी नेला होता. माळावर चालवून पाहिला, तर नांगर जाताना जमीन फाडायचा, येताना नुसता खरवडायचा. दिनेशनं गफ्फारभाईंना सोबत चलायची गळ घातली. एवढ्या लांबून आपल्याला बोलावणं आलं, याचाच त्यांना अभिमान वाटला. बायकोनं, खातूननं, भाकरी बांधून दिली आणि जंगलात जाऊन राह्यले, तिथं कमी बोलजा, असं वर सांगितलं. एसटी बदलत बदलत दोघं संध्याकाळी गावात पोचले.

दिनेशचे वडील चैतूबाबा अंगणातच होते. घरात गोंडी बोलणारे, पाहुण्याशी मराठीत मोजकं बोलणारे. त्यांनी कोंबडी पकडून गफ्फारभाईंच्याच हातात दिली. पाहुण्यानं आपल्या रीतीनं कापावी, म्हणजे त्याला खाताना संकोच नको. दिनेशची आई बुधरीबाई यांनी ती रांधली, भात वाढला. भात मऊ, गोड वासाचा. गफ्फारभाईंनी दोनदा मागून घेतला. हा खालच्या बांधीचा, असं चैतूबाबांनी सांगितलं. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी घेरलेलं धानाचं शेत. सगळ्या बांध्यांत खालची मोठी, आणि तिच्यात पाणी शेवटपर्यंत उभं राहायचं.

सकाळी नांगर त्याच बांधीत उभा होता. वळीव पडून जमीन ओलावली होती. चैतूबाबा जवळ आले आणि एकच वाक्य बोलले.

"दोन्ही बाजू सारख्या करून दे, भाऊ."

"होऊन जाते, बाबा," गफ्फारभाई म्हणाले, आणि कामाला लागले.

बिघाड त्यांना पाहताक्षणी कळला. ट्रॅक्टरच्या मागचे नांगर उचलणारे दोन हात सारख्या लांबीचे नव्हते. जुन्या एकतर्फी नांगराला उजवा हात थोडा आखूड ठेवतात, कारण ट्रॅक्टरचं उजवं चाक तासात चालतं. पलटीला ते चालत नाही. जाताना एक चाक तासात, येताना दुसरं. कोणीतरी जुन्या सवयीनं उजवा हात आखूडच ठेवला होता. गफ्फारभाईंनी दोन्ही हात सारखे केले. पलटीचा खटका मातीनं जाम झाला होता, तो घासून मोकळा केला. झिजलेले फाळ बदलले. शेवटी वरचा दांडा फिरवून नांगराचं नाक खाली झुकवलं. तोवर एक बाजू वीतभर जात होती आणि दुसरी चार बोटं. आता दोन्ही वीतभर जाऊ लागल्या.

दिनेश खूश झाला. ट्रॅक्टर जात होता, येत होता, तासाला तास चिकटत होता. वरच्या मऊ मातीखालून निळसर, कडक ढेकळं उपटून येत होती, छपरावरच्या भाजलेल्या कवेलूसारखी सपाट. चैतूबाबांनी एक ढेकूळ उचललं. बराच वेळ हातात धरून होते. मग धुऱ्यावर गफ्फारभाईंजवळ येऊन म्हणाले, आमच्या बांधीले पाणी ठेवा लागते, भाऊ.

गफ्फारभाईंना वाटलं, म्हातारा यंत्राला भितो. "पाणी तर वरून येते, बाबा. नांगर का पाणी पेते?"

दिनेश मोठ्यानं हसला. चैतूबाबाही थोडे हसले, पाहुण्याच्या मानासाठी. घरी बोलावलेल्या कारागिराचा हात मधेच थांबवायचा, ही तिकडची रीत नाही. ती बांधी पुरी होईपर्यंत ते धुऱ्यावर उभे राहिले. ट्रॅक्टर पुढे चुलतभावांच्या बांध्यांकडे वळला, तेव्हा मात्र ते त्याच्यासमोर जाऊन उभे ठाकले. यंदा माझीच बांधी पाहू, म्हणाले. दिनेश रागावला, पण म्हातारा हलला नाही.

गफ्फारभाई माजरीला आले आणि महिनाभर लोकांना जंगलातली नांगरट सांगत राहिले.

पोळा होऊन गेल्यावर दिनेश कामावर परतताना दुकानावरून चालला होता. गफ्फारभाईंनीच हाक मारली, नांगर कसा चालून राह्यला म्हणून विचारलं. नांगर मस्त चालते, चाचा, तो म्हणाला. आणि जाता जाता म्हणाला, बांधीत पाणी नाई थांबत.

त्याच आठवड्यात गफ्फारभाई न बोलावता एटापल्लीच्या गाडीत बसले.

आजूबाजूच्या बांध्या काठोकाठ भरल्या होत्या, त्यांत ढग दिसत होते. चैतूबाबांच्या खालच्या बांधीत फक्त ओली माती होती आणि तिच्यात रोवलेलं धान पिवळं पडून उभं होतं. पाऊस कमी नव्हता. जेवढं पाणी पडे तेवढं खाली निघून जाई. चैतूबाबांच्या आजापासून बैलांनी चिखल करून करून जमिनीत जो घट्ट तळ जमला होता, तो वीतभर चाललेल्या फाळानं फोडला होता. ती निळी ढेकळं म्हणजे बांधीचा तळ होता. गफ्फारभाईंना ते आता, त्या धुऱ्यावर, कोणी न सांगता समजलं.

"बाबा, तुम्ही बोलले काऊन नाई?"

"बोललो ना, भाऊ. सारख्या कर म्हणलो." चैतूबाबा पिवळ्या धानाकडे पाहत होते. "तुम्ही सारख्याच केल्या. मले त्या चार बोटांवाल्या बाजूसारख्या पाहिजे होत्या."

त्यात टोमणा नव्हता. असता तर गफ्फारभाईंना बरं वाटलं असतं.

निघण्याआधी त्यांनी वरचा दांडा उलटा फिरवला, नांगर उथळ केला, दोन्ही बाजू चार बोटांवर आणून ठेवल्या. काम नेहमीसारखंच चोख झालं. चुलतभावांच्या बांध्यांना ते पुढे उपयोगी पडलं. खालच्या बांधीला नाही. तिच्यात चैतूबाबा दर पावसाळ्यात बैल घालून चिखल करत राहिले. एखाद्या वर्षी पाणी थोडं जास्त थांबायचं, तेव्हा ते दिनेशजवळ निरोप द्यायचे, मिस्त्रीभाऊले सांग. गफ्फारभाई निरोपाची वाट पाहायचे. बांधी पूर्वीसारखी भरल्याचा निरोप आला नाही. मग एका थंडीत चैतूबाबा गेल्याचा आला.

गफ्फारभाई दिवसकार्याला गेले. निघण्याआधी पाय आपोआप त्या बांधीकडे वळले. त्या पावसाळ्यात बाबांच्यानं बैल हाकणं झालं नव्हतं, म्हणून दिनेशनं तिच्यात तूर पेरली होती. अर्धी कापून झाली होती, उरलेली माणसाएवढी उंच, शेंगांनी वाकलेली. तुरीच्या मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. जिथं पाणी थांबत नाही तिथं ती चांगली येते. पीक चांगलं झालं, चाचा, दिनेश समाधानानं म्हणाला.

बुधरीबाईंनी निघताना त्याच तुरीच्या डाळीचं गाठोडं हातात दिलं. रिकाम्या हातानं पाहुण्याला पाठवायचं नाही म्हणून. खातूननं दुसऱ्या दिवशी ती शिजवली. दाटसर, गोड डाळ होती. ताटात बाजारातून आणलेल्या तांदळाचा भात होता, त्याला तो गोड वास नव्हता. खातूननं त्यावर डाळ वाढली आणि कशी झाली म्हणून विचारलं.

चांगली झाली, गफ्फारभाई म्हणाले. आणि बराच वेळ भात कालवत बसले.