मागच्या जिन्याचं कुलूप

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी चेन्नईत टी. नगरच्या एका लेडीज हॉस्टेलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर राहत होते. इमारतीला दोन जिने होते. पुढचा रोजचा, आणि मागचा आग लागली तर बाहेर पडायला. पण मागच्या जिन्याच्या खालच्या जाळीच्या दाराला कायम कुलूप, आणि किल्ली वॉर्डन बाईंच्या कमरेला. पायऱ्यांवर कांद्याची पोती, फाटक्या गाद्या, खरकट्याचे डबे. कांदे सडून त्यांचं पाणी पायऱ्यांवरून ओघळायचं आणि त्यात झुरळं फिरायची.

अंबत्तूरला आमच्या कारखान्यात जायच्या-यायच्या वाटेत साधं खोकं ठेवलं तरी सुपरवायझरची बोलणी खावी लागायची. त्यामुळे मला हे खुपायचं. एकदा धीर करून बाईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दार उघडं ठेवलं तर तुम्ही मुली कुठे जाल आणि कोण आत येईल, याचा जाब मी देऊ?" मी परत आले आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची किळस मला नंतर फार आली.

एका रविवारी सकाळी पुढच्या जिन्याखालच्या मीटर बोर्डाने पेट घेतला. काळा धूर जिन्यातून वर चढला. माझी रूममेट तंजावरकडच्या मराठी घरातली, शाळेत शिकवायची. तिची मराठी जुनी होती, तमिळ हेल काढून बोललेली. 'सगळे' म्हणायचं तर ती 'अस्के' म्हणायची. तिने टॉवेल भिजवून माझ्या हातात दिला, दारं वाजवून मुलींना उठवलं आणि मागच्या जिन्याकडे वळवलं; दुसरी वाटच नव्हती.

आम्ही त्या घाणीतून उतरलो. पाय घोट्यापर्यंत सडक्या कांद्यात रुतत होते. एक मुलगी घसरली, तिचं मनगट मोडलं. खाली पोचलो तर कुलूप होतंच. बाई देवळात गेलेल्या. वरून मुली येतच होत्या आणि मी जाळीला दाबले जात होते. मला तिथेच उलटी झाली. मागच्या गल्लीत इस्त्रीची गाडी लावणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चाकाखालचा दगड काढला आणि कुलपावर घालत राहिले. पाच-सहा घावांत ते तुटलं.

बाई आल्या तोवर आग विझली होती. मनगट धरून बसलेल्या मुलीकडे त्यांनी पाहिलंही नाही. पहिला प्रश्न विचारला, "कुलूप कोणी तोडलं?" संध्याकाळी नवं कुलूप लागलं.

मी घरी फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देवाची कृपा, वाचलीस. पण त्या बाईंचंही अगदीच चूक नाही गं. मुलींच्या हॉस्टेलला बंदोबस्त हवाच." मी जाळीला चिरडले जात होते, हे मी त्यांना पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, जेवलीस का. मी फोन ठेवला. बाईंपेक्षा त्यांच्या त्या 'अगदीच चूक नाही'ने मला जास्त शिसारी आली.

रूममेटने दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहिला. चाळीस मुलींपैकी आम्ही दोघी धरून पाच जणींनी सह्या केल्या. बाकीच्यांना घरी कळायला नको होतं. तोच कागद घेऊन ती शाळेतून परस्पर फायर स्टेशनला गेली. आठवड्याने एक अधिकारी आले, नाकाला रुमाल लावून जिना चढले आणि उतरल्यावर त्यांनी बाईंना सगळ्यांसमोर झापलं. पोती हलली, जिना धुतला गेला, कुलपाच्या जागी आतून उघडणारी कडी बसली.

मग बाईंनी रूममेटला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. जेवणाच्या हॉलमध्ये तिच्या शेजारी माझ्याशिवाय कोणी बसेना. मनगट मोडलेली मुलगीसुद्धा ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. रूममेट खाली मान घालून रसम-भात कालवत राहिली.

महिना संपल्यावर आम्ही दोघींनी तांबरमला खोली घेतली. नवा पत्ता मी बाबांना पंधरा दिवसांनी कळवला.