फुंकरच्या पत्त्या

पडदा वर जातो. दंतवैद्याच्या दवाखान्यातली बाहेरची खोली. भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्या, आतून यंत्राची घरघर. मधल्या खुर्चीत एक काटकुळा म्हातारा, मांडीवर क्लॅरिनेटची काळी पेटी. दात दाखवायला कोणी वाद्य घेऊन येतं का? हा आला होता. याला सगळे फुंकर म्हणत.

आमच्या नाटक कंपनीत तो रंगमंचाखाली वादकांत बसायचा. मी वाक्य विसरले की मला आठवेपर्यंत एक लांब सूर धरून ठेवायचा. लोकांना वाटायचं, काय ठहराव आहे बाईंचा! टाळ्या मला मिळायच्या आणि तो खाली बसून हसायचा. असा दिलदार. पण हट्टी म्हणजे किती हट्टी!

क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती असते, ती ओठांत धरून फुंकायचं. फुंकरच्या पत्तीवर कायम लाल डाग. "मेली कापते, बाई. हल्ली पत्त्याच धड येत नाहीत," म्हणत तो ती डब्यात टाकायचा आणि नवी लावायचा. वर्षानुवर्षं हेच. आरशात एकदा हिरड्या बघाव्यात, तर नाव नको.

मग जिना चढताना धाप लागायला लागली. हृदयाची एक झडप गळत होती, बदलायला हवी होती. पण सर्जनने आधी तोंड उघडायला लावलं. म्हणाले, "हिरड्यांत पू आहे. तिथले जंतू रक्तातून जाऊन झडपेवर घर करू शकतात. आधी तोंड साफ, मग ऑपरेशन." दंतवैद्य बाईंनी तपासून सांगितलं, खालचे पुढचे दात काढावे लागतील.

म्हणून तर आम्ही त्या खुर्च्यांवर बसलो होतो.

"दुखणं छातीत आणि उपटणार दात!" फुंकर फणफणला. "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!"

"तुमच्या हिरड्यांना रक्ताचा नळ वेगळा आहे वाटतं?" त्याची बायको म्हणाली.

"दात गेल्यावर फुंकू कशानं? नाकानं?"

"आधी श्वास तर उरू दे फुंकायला!"

आतून हाक आली. तो उठला, पेटी काखोटीला मारली आणि सरळ रस्त्यावर. मी काठी टेकत मागे. "अरे गाढवा, जगलास तर चार पोरांना शिकवशील!"

"पुढच्या आठवड्यात नक्की, बाई. एक कार्यक्रम होऊन जाऊ दे."

असे किती पुढचे आठवडे आले नि गेले! त्याची बायको रडून थकली, मी ओरडून थकले. भिंतीशी बोलले असते तर निदान प्रतिध्वनी आला असता.

शेवटी ताप आला तो उतरेचना. जंतू झडपेवर पोचले होते. आता ऑपरेशन सोसण्याइतकी ताकद अंगात नव्हती.

इस्पितळात त्यानं बायकोकडून तो टाकलेल्या पत्त्यांचा डबा मागवून घेतला. एक पत्ती उचलली, तिची कड मनगटावर हळूच ओढली. मग दुसरी. मग तिसरी. कुठे ओरखडासुद्धा उठला नाही. मग तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि मला म्हणाला,

"बाई, पत्त्या सगळ्या चांगल्या होत्या हो."