मेंढीकोटसाठी मागितलेलं टेबल

मंडळी, आपल्या कॉलनीच्या बगीच्यात शेवटी सिमेंटचं टेबल अन् भोवती चार स्टूल लागले. मेंढीकोट म्हणजे चौघांचा पत्त्यांचा डाव. म्हणून आम्ही चौघांनीच सह्या करून अर्ज दिला होता.

आज सकाळी मिस्त्री काम पाहायले आला. म्हणे, “काका, बाकीच्यायले बी बोलवा ना. बसून पाहा, स्टूल हालते का.”

“येऊन राहिले,” मी म्हटलं.

खोटंच बोललो. दोघांले खांदा देऊन वैनगंगेच्या घाटावर पोचवून आलो, तिसऱ्याले पोरानं पुण्याले नेलं.

मग एकेका स्टुलावर मीच बसून पाहिलं. चारही पक्के आहेत.

कॉलनीतल्या अर्ध्या घरांले कुलपं आहेत, मले माहीत आहे. तरी विचारतो, मेंढीकोट कोणाले येते का? संध्याकाळी पाच वाजता या. येत नसेल तरी या, मी शिकवतो.